इंजिन गरम होईपर्यंत

भोकरला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचे, त्या सरांची गाडी रोज सकाळी चालू व्हायची आणि कुठेही जायची नाही. अंघोळ करून, पांढरा शर्ट इन करून, पायात पॉलिश केलेले बूट घालून सर अंगणात यायचे. गाडीत बसून किल्ली फिरवायचे आणि इंजिन लागलं की खाली उतरून बॉनेटशेजारी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणायचे. म्हणून झालं की गाडी बंद. नवीन माणसाला वाटायचं, सर गाडीची पूजा करतात. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी तसं चेष्टेत बोलूनही गेले, तर ते वर्गात उत्तर द्यावं तसे म्हणाले, "पूजा न्हाई म्याडम. वंदनेला जेवढा टाइम लागतो, तेवढं इंजिन फिरलं की बॅटरी उतरत न्हाई. दोन्ही कामं एकदाच होतात."

मी लातूरची. बँकेने माझी बदली भोकरला केली तेव्हा मला सामानापेक्षा पाण्याची काळजी जास्त होती, कारण आमच्याकडे माणूस घर बघायला गेला की आधी नळ किती दिवसांनी येतो ते विचारतो. सरांनी मला आधी गाडी दाखवली. पांढरी, छोटी, जुनी, पण काचेसारखी पुसलेली. तोंड फाटकाकडे. फाटकाला कुलूप नाही, बिजागरीला कायम तेल. बाहेरच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवलं होतं, 'येथे वाहन लावू नये. आत पेशंट आहे.' पेशंट म्हणजे काकू, त्यांच्या मिसेस. त्या तेव्हा अंगणातच तूर पाखडत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या.

काकूंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन झेपणार नाही असं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि निघताना म्हणाले की त्रास झाला तर उशीर करू नका. डॉक्टर हे वाक्य दिवसातून कितीतरी जणांना म्हणत असतील. सरांनी ते एकट्याने मनावर घेतलं. रिटायर झाल्यावर घेतलेली ही गाडी त्या वाक्यासाठीच होती. बाजाराला ते सायकलवर जायचे, लग्नकार्याला एसटीने जायचे आणि मुक्कामाला तर कुठे जायचेच नाहीत. गाडी बाहेर काढायला मनाई होती. आपण गाडी घेऊन गावात गेलो आणि नेमकं तेव्हाच हिला काही झालं तर, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

गाडीची एक किल्ली त्यांच्या गळ्यात दोऱ्याला असायची. दुसरी काकूंच्या उशाखाली. तिसरी त्यांनी माझ्याकडे दिली, मला गाडी चालवता येत नाही हे माहीत असूनही. "तुम्हाला येत न्हाई, पण शेजाऱ्याला द्यायला तर येती," म्हणाले.

त्यांचा सराव हा एक वेगळाच प्रकार होता. पलंगापासून गाडीपर्यंत माणूस कसा न्यायचा हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं: प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, दोघांनी उचलायचं, उंबऱ्यापाशी खुर्ची जरा मागे झुकवायची. एका रविवारी त्यांनी मला पेशंट व्हायला सांगितलं. मी नको नको म्हणत असताना सरांनी आणि शेजारच्या किराणा दुकानदाराने मला उचलून गाडीत नेऊन ठेवलंसुद्धा. काकू दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग दम लागला म्हणून खाली बसल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "पोरगी हलकी हाय. माझ्या वक्ताला कळंल तुम्हाला." सर हसले नाहीत. त्यांनी खुर्चीचा पाय उंबऱ्याला कुठे अडतो तिथे खडूने खूण केली.

मला त्या दोघांची गंमत वाटायची. एका पावसाळी दुपारी लाइट गेली होती आणि आम्ही पडवीत बसलो होतो. तेव्हा सरांनी किनवटची गोष्ट सांगितली. त्यांची सगळी नोकरी तिकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत झाली. शाळेला एक जीप होती. साहेब आले तरच ती निघायची, एरवी शेडमध्ये उभी. एका पावसाळ्यात वसतिगृहातल्या एका मुलीला ताप चढला, झटके यायला लागले. जीप चालू होईना. सगळ्या मास्तरांनी मिळून चिखलातून ती ढकलत फाटकापर्यंत नेली, पुढे चढ होता. शेवटी बैलगाडी जुंपली. दवाखान्याला न्यायला रेल्वे धरायची होती, पण स्टेशन यायच्या आधी मुलगी गेली.

"रोज एकडाव नुसती चालू करून ठिवली असती," सर म्हणाले, "तर लागली असती जीप."

एवढंच बोलून ते कंदील पुसायला उठले. त्या दिवसानंतर मला त्यांच्या बुटांचं आणि गळ्यातल्या किल्लीचं हसू येईना. अगदीच येईना असं नाही, पण आलं की लाज वाटायची.

पावसाळा सरता सरता एका सकाळी त्यांनी मला अंगणातून हाक मारली. इंजिनात तेल ओतायच्या तोंडाचं झाकण त्यांनी उघडून हातात धरलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर, दुधावरच्या सायीसारखा. तेल मोजायची पट्टी ओढली तर तिच्यावरचं तेलही काळं नव्हतं, जास्त दूध पडलेल्या चहासारखं दिसत होतं. मला गाडीतलं काही कळत नाही, पण हे बरं नाही एवढं मलाही कळलं.

बसस्टँडमागच्या मिस्त्रीने बघितल्याबरोबर सांगितलं, की तेलात पाणी गेलंय, इंजिनाच्या सांध्यातलं गॅस्केट उडालं असणार, रेडिएटरचं पाणी आत उतरतंय. मिस्त्री बोलका माणूस होता आणि पहिल्या नजरेत निकाल द्यायची त्याला हौस होती. गाडी दिवसभर त्याच्याकडे ठेवावी लागणार होती. तेवढ्या एका दिवसासाठी सरांनी एक काळीपिवळी जीप ड्रायव्हरसकट भाड्याने आणून फाटकात उभी केली. ड्रायव्हर दिवसभर आमच्या पडवीत झोपला आणि काकूंनी त्याला दोन वेळा जेवू घातलं. गॅस्केट बदललं, तेल बदललं, गाडी परत आली. महिनाभरात झाकणाखाली पुन्हा साय.

आमच्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मी म्हटलं, सर, तुमच्या गाडीला मागितल्याशिवाय पाणी मिळतंय, नशीबवान गाडी आहे. त्यांना ते आवडलं नाही. पण त्यातून त्यांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. कुणीतरी मुद्दाम पाणी ओततंय. त्यांनी बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं. दोन-तीन दिवस ते माझ्याकडेही जरा निरखून बघत होते, कारण लातूरकर असल्यामुळे माझ्या खोलीत बादल्या, घागरी, पातेली, सगळं कायम भरलेलं असायचं. शेवटी काकूच त्यांच्यावर वैतागल्या, की ती पोरगी पाण्याचा थेंब सांडू देत नाही, ती तुमच्या इंजिनात कशाला ओतंल.

साखळी लावूनही साय येतच राहिली.

मग तव्याचं प्रकरण झालं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तापलेल्या लोखंडावर तेलाचा थेंब टाकावा, तेल नुसतं असेल तर गप धुरावतं, पाणी असेल तर तडतडतं. दर रविवारी सर पट्टीवरचा थेंब घेऊन थेट स्वयंपाकघरात जायला लागले. तवा भाकरीचा. एका रविवारी मी तिथेच चहा पीत होते. थेंब पडला आणि मोहरी फुटावी तसा तडतडला. काकू म्हणाल्या, "बघा वं म्याडम, माझ्या तव्यावर गाडी भाजून राहिले." मी हसले, त्या हसल्या. सर मात्र तव्यापासून हललेच नाहीत. आपण रोज एवढं करतोय आणि ते आतून नासत चाललंय हे त्यांना दिसत होतं, आणि का नासतंय ते कळत नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी भीती वाटली.

कारण शेवटी मिस्त्रीलाच सापडलं, तेही उशिरा आणि जरा खजील होऊन. त्याने सरांना विचारलं, की गाडी रोज किती चालते. सरांनी अभिमानाने वंदनेचं सांगितलं. मिस्त्रीने कपाळाला हात लावला.

"सर, बुरा मानू नका," तो म्हणाला, "पण हे पाणी तुम्हीच घालून राहिले."

त्याने समजावून सांगितलं ते मलाही समजलं. इंजिन चालू झालं की आत वाफ धरते, भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तशी. गाडी तासभर पळाली तर इंजिन चांगलं तापतं आणि ती वाफ उडून जाते. पण कोमट होतं न होतं तोच बंद केलं तर ते पाणी आतच राहतं आणि तेलात उतरतं. उद्या पुन्हा थोडं. परवा पुन्हा थोडं. वर्षानुवर्षं. त्याचा चिखल होऊन खाली तेलाच्या चेंबरमध्ये बसतो आणि तेल वर चढायची वाट बुजवतो. एक तर गाडी चालवा, नाही तर बंद तरी ठेवा, असं त्याचं म्हणणं. आणि आधी दोन दिवस माझ्याकडे सोडा, चेंबर उतरवून साफ करावं लागेल.

दोन दिवस म्हटल्यावर सर उठून उभेच राहिले. मी म्हटलं, मागच्यासारखी जीप आणू. ते म्हणाले की तो ड्रायव्हर दिवसभर झोपला होता, रात्री उठला असता याची काय खात्री. आता थंडी सुरू झालीय, हिला थंडीतच दम लागतो. संक्रांत होऊ दे, मग बघू. रोजचं चालू करणं तरी बंद करा असं मिस्त्रीने पुन्हा पुन्हा सांगितलं. ते सरांना जमणं शक्यच नव्हतं. चालू करून बघितल्याशिवाय ती चालू होते हे कळणार कसं? किनवटची जीप त्यांच्या डोक्यातून कुणीच काढू शकत नव्हतं.

मग मी एक मार्ग काढला. काकूंनाच घेऊन रोज फिरून या. गाडी तापेल, काकूंना हवा लागेल, आणि काही झालंच तर पेशंट गाडीतच. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. काकूंनी साफ नाही म्हटलं. एरवी सगळ्याला हो म्हणणारी बाई, पण या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. सर बाहेर गेल्यावर मी कारण विचारलं.

"ती गाडी मला शेवटचं न्यायला आणलीय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी ती दारात गुरगुरती, अन् मी आत पडल्या पडल्या म्हनती, आज न्हाई. रोज म्हनती. आता मीच जाऊन तिच्यात बसू काय?"

सरांना हे कधी सांगू नकोस असंही त्या म्हणाल्या. मी नाही सांगितलं. सांगून काय झालं असतं? ते अंगणात तिच्या जगण्यासाठी इंजिन फिरवत होते आणि आत तिला रोज मरणाची आठवण होत होती. इतक्या चांगल्या दोन माणसांचं असं व्हावं याचा मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

एकदा मात्र सर एकटे निघाले. मी काकूंजवळ बसायचं, फोन हातात ठेवायचा, आणि ते हिमायतनगर रस्त्याने जाऊन इंजिन तापलं की परतणार, असं ठरलं. बूट घालून, मफलर बांधून निघाले. गावाच्या बाहेर पडले असतील नसतील तोच पहिला फोन, काय करून राहिली. मग दुसरा. मग तिसरा आलाच नाही, गाडीच आली. धापा टाकत आत येऊन त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू मला भरल्या वांग्याची कृती सांगत होत्या. इंजिन कोमटच होतं. सर पलंगाच्या कडेला बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई जमत म्याडम. मागं वळून वळून मान दुखाली."

ते घडलं तेही एका रविवारीच, कडक थंडीच्या सकाळी. वंदना होऊन गाडी नुकतीच बंद झाली होती. काकू चुलीपाशी बसल्या बसल्या भिंतीला टेकल्या. चेहरा घामाने भिजलेला, ओठ निळसर. मी हाक मारली आणि पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. खुर्ची आली, दुकानदार आला, उंबऱ्यापाशी खुर्ची मागे झुकली आणि पाय कुठेही अडला नाही. मी मागे बसले, काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. सरांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत, त्या तसल्या वेळी, समाधान होतं.

नांदेडच्या रस्त्याला गाडी कधी पळाली नव्हती तशी पळाली. मी काकूंचे हात चोळत होते. बारडच्या अलीकडे इंजिनातून टकटक असा आवाज यायला लागला आणि सरांच्या समोर काट्यांपाशी तेलाचा लाल दिवा लागला. मिस्त्रीने सांगून ठेवलं होतं, हा दिवा लागला की त्याच जागी इंजिन बंद करायचं, नाही तर ते कायमचं जाम होतं. सरांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. बंद केलं तर काकू रस्त्यात, आणि नाही केलं तर थोडं आणखी पुढे जाऊन रस्त्यात. त्यांनी पाय काढला नाही. आवाज वाढत गेला, कुणीतरी आतून हातोडा मारावा तसा, आणि मग एकदम काहीच नाही. गाडी कापसाच्या शेताकडेला थांबली. किल्ली फिरवली तर इंजिन हललंसुद्धा नाही.

सर खाली उतरले आणि दोन्ही मुठींनी बॉनेटवर मारायला लागले. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात करत होते. गाड्या हॉर्न देत वळसा घालून जात होत्या. काकूंनी मला खिडकीतून खुणेने जवळ बोलावलं. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता.

"त्यांना म्हण," त्या म्हणाल्या, "हाताला लागंल."

शेवटी भाजीची एक पिकअप थांबली. कोबीच्या पोत्यांवर गोधडी टाकून आम्ही काकूंना नांदेडला नेलं. दवाखान्यात पोचल्या तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेल्या.

उशीर झाला का, असं सरांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, झडपच संपली होती, तासभर आधी आणलं असतं तरी हेच झालं असतं. सरांनी मान हलवली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, की ते सगळ्यांनाच असं म्हणतात. मग त्यांनी नर्सला विचारलं. पिकअपवाल्याचा नंबर शोधून त्याला विचारलं. पुण्याहून आलेल्या आपल्या मुलाला विचारलं, आणि मुलगा रडायला लागला तेव्हा थांबले.

गाडी मिस्त्रीकडे ओढून आणली होती. चेंबर उतरवलं त्या दिवशी सर मला सोबत घेऊन गेले. मिस्त्री दाखवायला तयार नव्हता. सरांनी हट्टच धरला. आत काळंकबरं लोण्यासारखं काहीतरी बोटभर जाड बसलं होतं. सरांनी त्यात बोट घातलं, बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "नुसती उभी ठिवली असती, कधीच चालू केली नसती, तर पोचली असती का?"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. खोटं बोल असं मी त्याला डोळ्यांनी सांगत होते. तो म्हणाला, बॅटरी उतरली असती कदाचित, धक्का मारावा लागला असता. सर म्हणाले, आपण तेलाचं विचारून राहिलो, बॅटरीचं नाही. मग मिस्त्री म्हणाला, "हाव सर. पोचली असती."

सरांनी बोट फडक्याला पुसलं. मिस्त्रीला चहा पाजला. आयुष्यात एकच गोष्ट ते एका मुलीच्या मरणाकडून शिकले होते, आणि तीच गोष्ट त्यांनी इतक्या निष्ठेने पाळली की दुसरं मरण तिच्यातूनच आलं. मी त्यांची समजूत घालायला कितीतरी वाक्यं जुळवली. एकही तोंडातून निघालं नाही, आणि आजही निघणार नाही.

मुलगा म्हणाला, भंगारात द्या. सरांनी ऐकलं नाही. इंजिन पुरतं नव्याने बांधून घेतलं. मिस्त्रीकडे गाडी महिनाभर होती, आणि त्या महिन्यात फाटकात दुसरी कुठलीच गाडी उभी नव्हती. परत आल्यावर मात्र ती अंगणात नुसती कधी चालू झाली नाही. वंदना ते आता घरात, काकूंच्या फोटोसमोर म्हणायचे. आणि रोज दुपारी चार वाजले की गाडी घेऊन निघायचे, ते अंधार पडल्यावर यायचे.

माझी परत लातूरला बदली झाली. निघायच्या आधी मी त्यांना म्हटलं, एकदा मलाही न्या. मी पुढे बसले. किनवटकडच्या रस्त्याला लागलो. सर पन्नासच्या पुढे जात नव्हते, पण थांबतही नव्हते. हिमायतनगर मागे पडलं. रस्त्याकडेला सागाची झाडं दिसायला लागली, ऊन उतरलं, गुरं परतत होती. मी तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवून म्हटलं, सर, इंजिन तर केव्हाच तापलंय, आता मागे वळू या का.

त्यांनी काट्याकडे बघितलं नाही.

"वळून कुठं जायचं म्याडम?" ते म्हणाले. "घरी कोण हाय?"

आणि गाडी तशीच पुढे चालवत राहिले.